धुतलेल्या तोंडांचा फोटो

आमच्या नगर जिल्ह्यात बिनकामाच्या माणसांची वाण नाही. पण बिनकामाचेपण एखाद्या व्रतासारखे पाळणारा माणूस आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांखेरीज दुसरा नसेल. मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांनी एकच उद्योग केला. रविवारची प्रार्थना आटोपली की आपली काळी, म्हातारी मोटार काढायची आणि पारनेर, जामखेड, पाथर्डी अशा गावांचे फोटो काढत हिंडायचे. बरे, फोटो तरी कशाचे? पारनेरच्या बाजारातली न्हाव्याची खुर्ची. जामखेडच्या शिंप्याची पाटी. शिंगणापूरचे दार नसलेले घर आणि त्याच्या उंबऱ्यावर झोपलेले कुत्रे. देशात माणसे जगण्यासाठी झगडत होती, आणि हे त्या कुत्र्याला जाग येऊ नये म्हणून चपला काढून उभे होते. मी तोंडावर सांगत असे, "मास्तर, तुमचा कॅमेरा भांडवलदारांचा आहे." ते शांतपणे म्हणत, "नाही रे, मेव्हण्याचा आहे."

मोटार चालवण्याची तऱ्हाही तशीच. बैलगाडीने मागे टाकले तर गाडीवानाला नमस्कार करायचा. दर गावात थांबून मागच्या खेपेला ज्याचा फोटो काढला त्याला शोधायचे, प्रत हातात द्यायची, त्याच्याकडचा चहा प्यायचा. मागच्या सीटखाली पाण्याचा मोठा पत्र्याचा डबा असे. इंजिन तापले की त्याला पाजायला. त्या डब्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी ओंजळभर पाणी घेतले तर म्हणाले, "तू चालत जाऊ शकतोस. ती नाही."

दुष्काळाच्या वर्षी मला या माणसाची गरज पडली, हे लिहितानाही लाज वाटते. पाथर्डीकडे रस्त्याच्या दुष्काळी कामावर बाया भर उन्हात खडी फोडत होत्या. सावली नव्हती, प्यायला पुरेसे पाणी नव्हते. बुधवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि या दोन गोष्टी मागणारे माझे पत्रक तयार होते. हवा होता फक्त एक फोटो: धुळीने माखलेला, साहेबांच्या घशात घास अडकवणारा चेहरा. मास्तर आनंदाने तयार झाले, आणि दोन तासांच्या वाटेला त्यांनी साडेपाच तास लावले.

पोचलो तेव्हा कौसाबाई नावाची बाई हातोडा उचलत होती. पापण्यांपर्यंत धूळ. अगदी हवा तो चेहरा. मी मास्तरांना कोपराने ढोसले. मास्तरांनी कॅमेरा काढला आणि तिला विचारले, "बाई, फोटो काढू का?" अन्यायाचा पुरावा कुणी परवानगी मागून गोळा करतो का?

कौसाबाईने हातोडा खाली ठेवला. "काढा की. पर असा न्हाई. तोंड धुतल्याबिगर फोटू काढत्यात व्हय?"

बाकीच्या आठजणींनीही हातोडे ठेवले. मग सगळ्यांनी रांजणाकडे पाहिले. त्याच्या तळाशी होते तेवढे पाणी दिवस मावळेपर्यंत पुरवायचे होते. 

मास्तर मोटारीकडे गेले आणि सीटखालचा डबा उचलून घेऊन आले.

नऊजणींनी तोंडे धुतली, पदर नीट केले, एकीची कुंकवाची डबी हातोहात फिरली. मग लग्नातल्या फोटोसारख्या त्या दोन रांगांत बसल्या. मी कडेला दात खात उभा होतो. यात दुष्काळ कुठे आहे, साहेब म्हणतील बाया जत्रेला आल्यात, असे मी मास्तरांना सुनावले. ते कॅमेऱ्यातून डोके न काढता म्हणाले, "साहेबाकडे हा फोटो एक दिवस राहील. यांच्या घरात कायम राहायचाय." आणि खटका दाबला. परतताना करंजीच्या घाटात मोटार उकळून बंद पडली. फोटो नसलेले पत्रक खिशात घेऊन मी ती ढकलत होतो.

पत्रक तसेच निघाले. साहेबांनी त्याची घडी करून खिशात घातली. सावली आली नाही. त्याचा दोष मी मास्तरांना दिला, अजूनही देतो.

पंधरा दिवसांनी उरलेली पत्रके घेऊन पुन्हा कामावर गेलो, तर मास्तर आधीच येऊन प्रत्येकीला प्रत देऊन गेले होते. कौसाबाईने पिशवीतून आपली प्रत काढली. तिची लेक लांब ऊसतोडीला गेली होती, तिला ही प्रत पाठवायची होती. "आई बरी हाय म्हनंल," ती म्हणाली. मग फोटोच्या कडेवर बोट ठेवून हसली. तिथे मी उभा होतो, साडेपाच तासांच्या धुळीने माखलेला, कपाळाला आठ्या घालून.

"तुमास्नी दुष्काळ पायजे हुता न्हवं? ह्यो बघा. समद्या फोटूत एकट्या तुमच्याच तोंडावर हाय."

यंदा मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मोटार अंगणात उभी असते. मी दर रविवारी जाऊन त्यांच्याशी भांडतो, एका फोटोने नऊ बायांची सावली घालवलीत म्हणून सांगतो. ते ऐकून घेतात आणि रस्त्यावर कुठले वाहन गेले ते आवाजावरून ओळखत बसतात. निघताना मी मागच्या सीटखालचा डबा ओढतो, शिळे पाणी जास्वंदीला घालतो आणि ताजे भरून ठेवतो.