घंटेवरचा पंजा

इतिहासाच्या परिसंवादात मी परीक्षक होतो. सकाळपासून विद्यार्थ्यांनी पडद्यावर इतके गड सर केले, की माझ्या चहालासुद्धा दारूगोळ्याची चव आली होती. मग एक मुलगी धरणात बुडालेल्या आपल्या गावाचा इतिहास सांगू लागली. ती देवळाच्या पारापर्यंत पोचली तोच शेजारच्या परीक्षक बाईंनी घंटा वाजवली.

"वेळ संपली."

"मॅडम, पाणी अडवताना धरणाचे साहेबही हेच म्हणाले होते," असं म्हणून मुलगी बोलतच राहिली.

राजांच्या लढाया शतकानुशतकं चालतात, आणि बुडालेल्या गावानं मात्र घंटेबरोबर गप्प बसायचं? बाईंचा हात पुन्हा उठला, तेव्हा मी घंटेवर पंजा दाबून धरला.

"अहो सर, तिचे गुण कापावे लागतील!"

"माझे कापा. तू बोल गं!"