विचारल्याशिवाय नाव न लावणारे मणेरीकर सर

आज रविवार. सकाळी पाणी भरले, आईची औषधे आणली, दुपारी जेवणे झाली. मणेरीकर सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठीचा लेख उद्या द्यायचा आहे, म्हणून बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही. मी विमा कार्यालयात नोकरी करते. हा ग्रंथ वाचणारे बहुतेकजण सरांबरोबर काम केलेले आहेत. माझी त्यांची ओळख झाली ती माझा धाकटा भाऊ निलेश याच्यामुळे. निलेश गेल्या वर्षी हृदयविकाराने गेला.

त्यानेच मला सरांच्या गिरगावातल्या घरी प्रथम नेले. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या संगणकावर नीट वाचता यावा, यासाठी सरांनी निवृत्तीनंतर एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. तो कोणीही फुकट वापरावा, कोणीही सुधारावा; निलेशसारखे कंपन्यांत नोकरी करणारे लोकही त्यावर काम करायचे. आमच्या कार्यालयातले एक जुने परिपत्रक मी भीतभीत दाखवले. उघडल्यावर त्यात नुसती चिन्हे दिसायची. सरांनी ते क्षणात वाचता येईलसे करून दिले आणि म्हणाले, "यात 'दिनांक' चुकलाय, पण ती चूक तुमच्या साहेबांची. आमची नव्हे."

दर वर्षी नव्या आवृत्तीबरोबर कोणत्या कंपनीच्या माणसांनी किती काम केले, ते सर जाहीर करतात. कंपन्यांना ते मिरवायला हवे असते. बहुतेक ठिकाणी हे ईमेलवरून ठरते. पत्ता कंपनीचा, तर काम कंपनीचे. सर मात्र प्रत्येकाला विचारतात. एकदा मी तिथे असताना परळच्या एका ऑफिसातली प्राची आली होती.

"सर, ती दुरुस्ती मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुचली. आता लावा कोणाच्या नावावर लावायची ती."

"लिहिलीत कुठे?"

"घरी. आईची बोलणी खात."

"मग तुमच्या नावावर. आईंचे आभार वेगळे मानू."

निलेशची नोकरी गेली, ते त्याने घरात फक्त मला सांगितले. गिरणी बंद पडल्यावर घरी बसून राहिलेले आमचे बाबा आईने पाहिले होते. पुन्हा तिला ते दाखवायचे नव्हते. तो रोज डबा घेऊन निघायचा आणि सरांकडे जाऊन बसायचा. सरांनी त्याला खिडकीजवळचे टेबल दिले. "पुढे काय?" असे त्यांनी कधी विचारले नाही. जोडाक्षरांचा सगळा अवघड भाग निलेशने तिथे लिहिला.

त्याच्या लॅपटॉपवर मात्र कामाला जोडला जाणारा ईमेल जुन्या कंपनीचाच राहून गेला होता. पत्ता केव्हाच बंद झाला होता, पण प्रत्येक कामावर तोच उमटत राहिला. हे त्याच्याही लक्षात आले नाही, सरांच्याही नाही. यंदाची मोजणी करताना सरांना दिसले, की ज्यांनी त्याला काढले त्यांच्याच नावावर ते सारे काम जमा झाले आहे.

तेव्हा सर करी रोडला आमच्या घरी आले. आईने विचारले, "तुम्ही त्याच्या ऑफिसातले?" सर म्हणाले, "नाही. आम्ही एकत्र काम करायचो." मग बाहेर गॅलरीत मला म्हणाले, "सुनंदाताई, हे दुरुस्त करायचं तर त्याची नोकरी कधी सुटली ते लिहावं लागेल. सगळे वाचतील. मला ते माहीत आहे, पण ती गोष्ट तुमच्या घरची. तुम्ही नको म्हणालात तर त्या कामापुढची नावाची जागा कोरी ठेवीन."

मी म्हटले, "मग त्याचं पहिल्यापासूनचं सगळंच काम त्याच्या एकट्याच्या नावावर करा."

"नोकरीत असताना केलेलं त्यांचं आहे, ताई. ते काढून घेता येणार नाही."

मला राग आला होता. पण कंपनीला तिचे द्यायला न कचरणारे सर निलेशचेही कोणाला देणार नाहीत, हे घरी विचार करताना पटले.

त्यानंतर मला काही ठरवता येईना. कोरी जागा बघवली नसती, आणि आईला सांगायचा धीर होत नव्हता. सरांचा फोन आला की वाटायचे, आता विचारतील. ते आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि फोन ठेवायचे. निर्णयाची आठवण एकदाही करून दिली नाही.

आज जेवण झाल्यावर आईला सांगितले.

"मगे तो रोज डबो घेवन खंय जाय होतो?"

"सरांच्या घरी. गिरगावात."

"डब्यात मी सुकट घाली होतंय. त्यांच्या घरभर वास झालो असतलो."

"तेही खायचे, आई. निलेश सांगायचा."

तिने ताटे उचलून मोरीत ठेवली. मग म्हणाली, "माका सांगूचा नाय, ह्या कोणी ठरवल्यान? तेना, की तुया?"

"आधी त्याने. तो गेल्यावर मी."

चपला घालून ती शेजारी निघून गेली. रागावली आहे का, कळले नाही. मी सरांना "लिहा" एवढेच कळवले. त्यांचे लगेच उत्तर आले, "बरं. आई कशा आहेत?" ती परत आली की लिहीन.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांनी विचारावे आणि आपण खरे सांगावे, अशी अजून पुष्कळ वर्षे आम्हा सर्वांना मिळोत.

अंधार पडू लागला आहे. आई अजून आलेली नाही. दिवा लावला. आता दोघींपुरते तांदूळ धुऊन ठेवते.