पाटाचे तात्या आणि खालचं रान

आमच्या सणसरात पाटाच्या तात्यांना कुणी पाणी विचारलं, तर ते कधी नको म्हणायचे नाहीत. लग्नाला गेले, मयतीला गेले, किंवा आमच्या ओट्यावर नुसते टेकले, तरी पुढे आलेला तांब्या रिकामा करूनच खाली ठेवायचे. आई हसायची, "तात्या, आत्ताच तर पिलासा की!" तात्या मिशी पुसत म्हणायचे, "पाण्याला न्हाय म्हणायची सवय न्हाय गं आमाला."

शेतातही तेच. पाटाला पाणी सुटलं आणि पाळी आली, की पिकाला गरज असो नसो, तात्या खोरं घेऊन दारं धरायला हजर. सऱ्या काठोकाठ भरल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. आमचं रान त्यांच्या बांधाला लागून. माझे वडील बांधावरून ओरडायचे, "तात्या, उसाला पवायला शिकवताय व्हय?"

"शिकू दे की! तुज्या बापाला तरी कुठं येत हुतं?" तात्या खोऱ्यावर रेलून म्हणायचे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बारामतीला दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आपापल्या तालुक्याच्या शेतीचा इतिहास लिहून आणायला सांगितला. मला पुस्तकं शोधता येत नव्हती, म्हणून मी तात्यांकडे गेले. पाट आला तेव्हाच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकल्या होत्या. आधी नुसती ज्वारी-बाजरी. पाऊस फिरला की माणसं घराच्या दाराला काट्याची फांदी लावून पोट भरायला बाहेर जायची. मग पाट आला, ऊस आला, गुऱ्हाळं आली, साखर कारखाना आला, पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले. मी भराभर लिहून घेत होते. तात्या मध्येच थांबले आणि म्हणाले, "पयली माणसं पाण्याकडं जायची. मग पाणी माणसाकडं आलं. आता नगं म्हणलं तरी येतंय. ह्ये बी लिही."

मी ते लिहिलं नाही. सरांना समृद्धीचा इतिहास हवा असेल असं मला वाटलं, आणि तात्या काय म्हणत होते ते तेव्हा पुरतं कळलंही नव्हतं.

ते खालच्या रानाबद्दल बोलत होते. त्यांच्या शेताचा तो सखल तुकडा. वरच्या उसाला पाजलेलं पाणी वर्षानुवर्षं झिरपून तिथे उतरलं होतं. उन्हाळ्यात त्यावर मीठ फुटायचं, लांबून कुणी चुना सांडल्यासारखं दिसायचं. ऊस तर सोडाच, गवतही धड येत नव्हतं. त्यांचा मुलगा सुभाषदादा तिथे माशांचं तळं खणणार होता. आसपासच्या अशा रानांत तशी तळी झालीच होती. तात्यांनी त्याला एकच हंगाम मागून घेतला. म्हणाले, "एकदा हितं ज्वारी उभी राहू दे. मग तुला काय करायचं ते कर."

त्या वर्षी तात्यांनी जेवढे कष्ट केले तेवढे मी कुणाला करताना पाहिलं नाही. कृषी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून साचलेलं पाणी निघून जायला कडेने खोल चर काढला, हिरवळीचं खत गाडलं. पाणी अगदी बेतानं द्यायचं, पाट मोकळा सोडायचाच नाही, हे त्यांना दहादा बजावलं होतं. ज्वारी उगवली. सगळीकडे नाही, ठिगळं लावल्यासारखी; पण गुडघ्याला आली. तात्या मला बांधावरून हाक मारायचे, "ए कालेजवाले, बघ की गं, पोटरीला येईल ही, कणीस धरंल!"

थंडीत पाटाला पाणी सुटलं. सुभाषदादा बारामतीला गेला होता. तात्यांची पाळी आली तेव्हा पाटाच्या चारीवर पुढच्या पाळीचा शेतकरी उभा होता. तो सरळ मनानं म्हणाला, "तात्या, तुमाला नगं असलं तर आमच्याकडं सोडा." मी तिथेच होते. तात्यांचा चेहरा बदलला. वरचा ऊस तुटून कारखान्याला गेला होता, पाणी द्यायला खालच्या रानाशिवाय काहीच नव्हतं. "आज न्हाय म्हणलं तर उद्या पाळीच जायाची," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी खालच्या रानाचं दार फोडलं.

मी म्हटलं, "तात्या, ज्वारी..." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही थांबता आलं नाही.

चर तुंबला. ज्वारी पाण्यात उभी राहिली, पिवळी पडली, पाणी आटल्यावर बुडख्यांशी पांढरं दिसायला लागलं. सुभाषदादानं ते बघितलं आणि तळं खणायला पोकलेन सांगितला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

पोकलेन आला त्या दिवशी तात्यांनी स्वतः हद्दीच्या खुणा दाखवल्या. दोन-तीन हात खणलं नाही तोच खड्ड्यात तळातून पाणी यायला लागलं. पोकलेनवाला खूश होऊन ओरडला, "तात्या, तळं भरायचा खर्च वाचला की तुमचा! एवढं पाणी आलं कुठनं?"

तात्या काठावर उकिडवे बसले होते.

"माजंच हाय त्ये," ते म्हणाले. "मीच पाजलंय."

सुभाषदादानं मान फिरवली. पोकलेनवाल्यानं मातीचा पुढचा घास उचलला.