मामांच्या वीस खुर्च्या

अमळनेरला पॅसेंजरमध्ये चढलो तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "मामाची खानावळ वाचव रे. नाहीतर पन्नाशीत तो परत यंत्रमागावर उभा राहील." जशी काही मी औषधाची पेटीच घेऊन निघालो होतो! बी.कॉम.ला दोनदा बसलो, एवढीच माझी लायकी. बाकी नकला येतात. नंदुरबारला चहावाल्याची हाक मारली, तर तिघांनी माझ्याकडे पैसे पुढे केले.

पण खरं सांगायचं तर घोळ माझाच होता. "मामा, धंद्यात काहीतरी नवं करा," असं पोस्टकार्ड मीच धाडलं होतं. वर अक्षर छान काढलं होतं.

गाडी नवापूरला उगाच थांबली, व्याऱ्याला उगाच थांबली, बारडोलीला तर झोपलीच. उधन्याला उतरलो तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. रिक्षावाल्याने आधीच चार माणसं कोंबली होती. "बेसी जाव ने (बसा की), बहु जग्या छे!" म्हणाला. जागा होती, त्याच्या मांडीवर. पर्वत पाटियाच्या अलीकडे उतरलो तर गल्लीभर मागांची खटखट. कानात कुणी खिळे ठोकतंय असं वाटत होतं.

मामांची खानावळ बघितली आणि कपाळाला हात लावला. लालभडक प्लास्टिकच्या वीस खुर्च्या, पाच टेबलं, आणि जेवायला एकही माणूस नाही.

"भाचा, कसं दिसी राह्यनं (दिसतंय)?" मामा खुर्ची पुसत म्हणाले. "एकदम हाटेल!"

आतून मामी ओरडली, "इचारा तुमना भाचाले, आज काय खुर्च्यास्ले (खुर्च्यांना) वाढू?"

मामा वीस वर्षं माग चालवून मग खानावळीत पडलेले. आधी मागावरचे कारीगर सतरंजीवर बसून जेवायचे, रांग लागायची. माझं पोस्टकार्ड आलं आणि मामांनी डाळीत गूळ घातला. मग भाजीला पंजाबी म्हणून लाल रंग दिला. तरी माणसं टिकली. खुर्च्या आल्या आणि महिन्यात सगळी मागच्या गल्लीतल्या खानावळीत पळाली.

"तिथे डाळ चांगली असते का?" मी विचारलं.

"पाणी रहास नुसतं," मामी म्हणाली.

"मग पंखा?"

"भिंतच धड नही, पंखा कोठे लावतीन?"

मामांचं मत ठाम होतं. "अजून दहा खुर्च्या आणू. गिऱ्हाईक येईल."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ते जमेना, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या खात्यात (मागाच्या कारखान्यात) शिरलो. जुनं गिऱ्हाईक धनराजभाऊ, पारोळ्याचा माणूस, दोन मागांच्या मध्ये उभा होता. मी बोंबलून विचारलं, "जेवायला का येत नाही?" माझंच मला ऐकू येईना. तिथे कुणी तोंडाने बोलतच नाही, सगळं हातांनी.

धनराजभाऊंनी हवेत खुर्ची काढली. दोन बोटं पायांसारखी खाली लोंबकळवली. मग पोटरीभोवती हात धरून तो भोपळ्याएवढा फुगवत नेला, गालही फुगवले. दहा बोटं दाखवली, वर दोन. बारा तास उभं, वर जेवतानाही पाय लोंबते. शेवटी डोळे मिटून, मान डोलावून, दोन्ही हातांची मांडी घातली.

मी तसाच पळत खानावळीत आलो. एक शब्द न बोलता मामांपुढे तो सगळा प्रकार हुबेहूब केला, फुगलेल्या गालांसकट. मला वाटलं, हसतील.

मामा हसले नाहीत. वीस वर्षं ते याच भाषेत बोलले होते. हळूच खाली बसले, लेंगा वर केला आणि स्वतःच्या गाठी आलेल्या पोटऱ्यांवर हात फिरवला.

"मना पायच मी भुली गऊ," म्हणाले. (माझेच पाय मी विसरून गेलो.)

मामी तोवर सतरंजी झटकायला लागली होती. "चूल गरमच रहास. पाण्याना डबा ठेवू का तिच्यावर? पाय धोवाले?"

मी म्हटलं, "मामी, हे नवं आहे!"

"नवं काय त्यात? यास्ले मी वीस वर्षं रोज दिन्हं (दिलं)!"

संध्याकाळी पाळी सुटली. धनराजभाऊ दारात थबकले, गरम पाण्यात पाय बुडवले आणि असा काही सुस्कारा सोडला की मला आजही त्याची नक्कल जमत नाही. सतरंजीवर टेकले, भिंतीला पाठ लावली, मग मामांना म्हणाले, "भाऊ, गूळ नका टाकू आता." तिसऱ्या दिवशी ते सहा जणांना घेऊन आले. मामांनी भाकरी वाढताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, पण परत मागावर जायची गोष्ट घरात कुणी काढली नाही.

अठरा खुर्च्या मंडपवाल्याने नेल्या. उरलेल्या दोन खुर्च्या मामांनी माझ्या गळ्यात घातल्या. "सल्ल्याबद्दल," म्हणाले. टोमणा कळला.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोन्ही खुर्च्या एकात एक घालून दाराशी मांडल्या आणि ऐटीत बसलो. व्याऱ्यापर्यंत राजा होतो. नवापूरला पायाला मुंग्या आल्या. आलेलं शहाणपण एवढंच, की पोस्टकार्ड लिहायच्या आधी ज्याला बसायचंय त्याचे पाय बघावेत. नंदुरबारला मुकाट्याने खाली उतरून मांडी घातली.

"खुर्ची रिकामी शे का, भाऊ?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बसा आबा. नवी शे."

दोंडाईचा यायच्या आत आबा माझ्या शेजारी, खाली.