देवरावांनी उडवलेला पासवर्ड

वाडीत, ट्रकांच्या धुळीत, देवरावांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एकोणीस वर्षं चाललं ते एका हातोटीवर. कुणी पासवर्ड विसरून आलं, की ते म्हणत, "आठवून कायले राहिला गा? उडवून देतो." पेनड्राइव्ह लावायचा, दोन मिनिटांत कॉम्प्युटर उघडा.

सकाळी चिन्मयीचा लॅपटॉपही त्यांनी असाच उघडून दिला. ती समोरच्या गोदामात बिलं करायची. साहेबाच्या नको त्या मेसेजांची तिनं तक्रार केली आणि दीड महिना घरी बसली. त्या दिवसांत लॅपटॉपचा पासवर्ड विसरली. फोन बसमध्ये चोरीला गेलेला. मेसेज उरले होते फक्त या लॅपटॉपवर, आणि उद्या अकरा वाजता ते तक्रार समितीला दाखवायचे होते.

दुपारी ती परत आली. "काका, मेसेजचं ॲपच उघडत नाहीये."

देवरावांनी दोन तास खटपट केली, मग चष्मा काढून डोळे चोळले. मेसेज होते, पण कुलपात. कुलपाची किल्ली ॲपनं कॉम्प्युटरच्या हवाली केलेली, आणि कॉम्प्युटरनं ती तिच्या जुन्या पासवर्डात बांधून ठेवलेली. तिनं स्वतः जुना पासवर्ड टाकून तो बदलला असता, तर किल्लीही नव्यात बांधली गेली असती. पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या चोरासाठी हा बंदोबस्त होता. त्यात देवराव सापडले.

"जुना पासवर्ड आठव ना वं पोरी. तोच परत ठेवला त उघडन."

"आठवला असता तर तुमच्याकडे आले असते का?"

चहा ठेवताना टपरीवाला ताराचंद हसला, "घर उघडून देल्लं अन् तिजोरी बंद केली का, देवरावभाऊ?"

देवराव हसले नाहीत. ती एकेक शब्द सांगत गेली, ते तो शब्द पासवर्ड म्हणून ठेवून पाहत गेले. सोळा झाले. एकही लागला नाही.

"साहेब म्हणणार, मेसेज नव्हतेच," ती म्हणाली.

आजवर काहीही बिघडलं, तरी देवरावांनी गिऱ्हाइकाला 'डिस्कच खराब होती' असं सांगितलं होतं. आज त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: मेसेजची फाइल लॅपटॉपवर आहे. पासवर्ड मी उडवला म्हणून ती उघडत नाही. चूक माझी. खाली सही केली.

"उद्या मी येतो तुह्यासंगं."

"दुकान?"

"राहीन बंद." त्यांनी लॅपटॉप पुन्हा जवळ घेतला. "सतरावा सांग."