पाटावरचं नाव
सागवानाचा भुसा नाकात गेला की मला आईच्या लग्नातला पाट आठवतो. बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि पाटावर आईच्या नावाखाली तिचं नाव कोरायचं होतं. त्यासाठी नौपाड्याच्या घराच्या बाल्कनीत मी आणि बाबांनी संगणकाच्या हुकमावर कोरणारं छोटं सीएनसी मशीन बनवलेलं. मोटरवरून आमचं वाजलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेले बाबा म्हणाले, "सर्वो मोटर घे. आपण कुठे पोचलो ते ती तपासत राहते. स्टेपर पोचलोच असं नुसतं धरून चालते." मी म्हटलं, "बाबा, लाकडाला स्टेपर खूप झाली," आणि तीच लावली. दोन अक्षरं सुरेख उमटली. मग कटर लाकडाच्या गाठीत अडकला, मोटर गुरगुरली, सुटली आणि वर सरकून उरलेली अक्षरं त्याच ऐटीत कोरत सुटली. मी स्विच बंद करेपर्यंत आईचं नाव चिरलं गेलेलं. मी मोटरला शिव्या घालत होतो, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस रे. आपलं चुकलंय हे तिला कळतच नाही." नौपाड्याचं घर सोडून आता आम्ही दूर बाळकुमला राहतो. संध्याकाळी बाबा चप्पल घालून भलत्याच दिशेला तरातरा निघतात, "हे काय, आलंच नौपाड्याचं घर," म्हणतात, आणि मी त्यांच्या मागे चालत राहतो.