ताण्यावरून गेलेली तिरडी

श्रद्धेवर कोणी तावातावानं बोलू लागलं की मला बाबा आठवतात.

नागपुरात आमच्या विणकरांच्या गल्लीत सकाळी खळ लावलेला सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, दोरानं लांबवर ताणून वाळवत. तो ओलांडला तर मागावर सूत तुटतं, असं मानून सगळे वळसा घालत. शेजारचा विणकर मात्र हसत ओलांडून जाई. त्यावरूनच बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तो वारला. तिरडी आमच्या ताण्यापाशी आली, तसे खांदेकरी वळसा घ्यायला लागले. बाबांनी झटकन ताण्याचा दोर सोडला. ओलं सूत धुळीत पडलं.

"जितेपणी तो कधी वळला नाही गा," बाबा म्हणाले, "आज त्याले काहून वळवता?"